उलटतपासणीत सापडलेला नवरा

एका वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडते. तो तिला अग्नी देतो, घरी येतो आणि तिच्या आठवणींत बुडून जातो. मग एक दिवस पोलीस एका स्त्रीला गुन्हेगार म्हणून पकडून आणतात. चेहरा तोच, आवाज तोच. ती भर कोर्टात सांगते की मी या वकिलाची बायको आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला, तो या गोष्टीचा. पुढच्याच वर्षी ती तमिळमध्ये ‘इदय कमलम’ या नावानं आली आणि १९६६ साली राज खोसलांनी तिचा ‘मेरा साया’ केला. त्यातलं झुमक्याचं गाणं अजून लग्नाच्या वरातीत वाजतं. त्या गाण्याच्या पाठीशी एक मराठी कादंबरी आहे, असं सांगितलं की वरातीतले लोक आपल्याकडे जरा संशयानं बघतात.

धरमपेठेतल्या आमच्या वाचनगटानं यंदा ‘कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा’ हा विषय घेतला आणि पहिली पुस्तिका या रहस्यकथेवर काढायचं ठरवलं. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं त्याचं कारण वाङ्मयीन नाही. मी आयुष्यभर वकिली केली, एवढंच. आमच्या भागात हे साहजिकच आहे. इथल्या मुख्य रस्त्याचं नाव वेस्ट हायकोर्ट रोड आणि जवळच लॉ कॉलेज चौक. १९३६ साली नागपुरात स्वतंत्र उच्च न्यायालय आलं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसू लागलं, आणि दरम्यानच्या सगळ्या वर्षांत हा परिसर काळ्या कोटांनी भरत गेला. ज्या गल्लीत एकाही फाटकावर ‘ॲडव्होकेट’ची पाटी नाही अशी गल्ली इथं हुडकावी लागते. अशा वस्तीत कोर्टाचा सिनेमा लावला की गाण्यांना दाद कमी आणि हरकती जास्त.

पहिली हरकत सरळ आहे. ‘मेरा साया’त नवरा वकील आहे आणि तोच त्या स्त्रीची उलटतपासणी घेतो. ज्या खटल्यात आपल्यावर साक्षीदार होण्याची वेळ येणार हे दिसतंय, त्यात वकील म्हणून उभं राहू नये, हा आमच्या धंद्यातला बाळबोध नियम. ‘ही माझी बायको नाही’ असं शपथेवर सांगू शकणारा पहिला माणूस तो. त्याची जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि साहेब उभे आहेत प्रश्न विचारायला! कुठल्याही न्यायाधीशानं त्याला पहिल्या पाच मिनिटांत खाली बसवलं असतं.

दुसरी हरकत मात्र मी एवढ्या सहज सोडून देणार नाही, कारण तिच्यात या गोष्टीचा जीव आहे. त्या काळी लागू असलेला भारतीय पुरावा कायदा १८७२ चा. त्याचं कलम १२२ असं की, संसारात असताना नवरा-बायको एकमेकांशी जे बोलले ते सांगायची सक्ती कोणावर करता येत नाही. शिवाय जो बोलला त्याची संमती नसेल तर दुसऱ्यानं ते सांगायचंही नाही. दोघांमधला दावा असेल किंवा एकानं दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केला असेल तर गोष्ट वेगळी. (१ जुलै २०२४ पासून जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. तरतूद राहिली, क्रमांक बदलला. आमच्या पिढीच्या तोंडात मात्र १२२ च बसलंय.) आता पेच पाहा. तो तिला लग्नानंतरच्या खासगी गोष्टी विचारतो. ती खरोखर बायको असेल, तर तो जे बोलला ते त्याच्या संमतीविना तिला सांगता येत नाही. ती बायको नसेल तर कलमाचा प्रश्नच नाही, पण मग तिला त्या गोष्टी ठाऊक असायचंही कारण नाही. प्रश्न विचारला यातच त्याची संमती आली असं कोणी म्हणेल. ठीक. पण संमती द्यायची म्हणजे समोर पत्नी आहे हे आधी मान्य करायचं, आणि नेमकं तेच तर तो नाकारतोय. ती कोण हे ठरवायला तिचं उत्तर हवं, आणि तिनं उत्तर द्यावं की नाही हे ठरवायला ती कोण ते ठाऊक हवं.

कायद्याला माणसाची ओळख बाहेरून पटवता येते: जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, सही, बोटांचे ठसे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष. संसारातली ओळख आतून असते. कोणत्या बोलण्यावर कोण गप्प होतं, रागावल्यावर कोण आधी जेवायचं थांबतं, याची नक्कल ठेवणारं कुठलंही कार्यालय नाही. ही आतली ओळख बाहेरच्या पुराव्यासारखी कोर्टात मांडायला गेलं की काय होतं, ते ही गोष्ट दाखवते. माझ्या मते हेच तिचं खरं कथानक. जुळ्या बहिणी, टोळी, पाठलाग हा सगळा त्यावरचा साज.

हो, जुळ्या बहिणी. रहस्य फोडलं म्हणून कोणी रागावू नये. साठ वर्षं उलटली, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना पाहताना नुकसान होणार नाही, फायदाच होईल. मेली ती बायकोसारखी दिसणारी तिची बहीण. पकडली गेली ती खरी बायको. हे माहीत असताना कोर्टातला भाग पुन्हा पाहा, म्हणजे तुमची नजर आपोआप पिंजऱ्यातल्या बाईवरून उठून नवऱ्यावर जाते.

पहिल्यांदा पाहताना आपल्याला वाटतं, खटला त्या स्त्रीवर चाललाय. दुसऱ्यांदा पाहताना दिसतं की तिचं एकेक बरोबर उत्तर त्याला कोपऱ्यात रेटतंय. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. ही आपली बायको असेल, तर आपण अग्नी दिला तो कोणाला? इतके दिवस रडलो ते कोणासाठी? आणि त्या काळात आपली बायको कुठे, कोणाच्या हाती होती? ती बायको नसेल, तर आपल्या खोलीतलं बोलणं या परक्या बाईपर्यंत पोचलं कसं? दोन्ही उत्तरं घर जाळणारी. म्हणून तिनं चुकावं अशी त्याची धडपड चालते, आणि ही धडपड सत्यासाठी आहे अशी त्याची स्वतःची प्रामाणिक समजूत असते. वकिलीत मी अशी माणसं पाहिली आहेत. खोटं बोलणारा पक्षकार परवडतो. ज्याला एकच उत्तर सोसतं आणि तेच खरं आहे असं मनापासून वाटतं, त्याला सांभाळणं अवघड.

गटाच्या बैठकीत एका काकूंनी सरळ विचारलं, “अहो, पण स्वतःच्या बायकोला ओळखून नाही राहिला का तो?” सगळे हसले. पण इतकी चर्चा झाली त्यात याहून नेमका प्रश्न कोणी काढला नाही. मला त्याचं सुचतं ते उत्तर असं: मेलेली बायको त्याच्या पुरती ताब्यात आहे. तिची तसबीर आहे, तिचं गाणं आहे, तिच्याबद्दलचं त्याचं दुःख आहे आणि त्या दुःखात तो स्वतःला चांगला नवरा वाटतो. समोरची बाई बोलते, जाब मागते, थकलेली आहे, वाईट संगतीतून आलेली आहे. डोळे सांगतात तीच आहे, पण मन म्हणतं ती अशी नव्हती. ‘अशी नव्हती’ या दोन शब्दांवर तो आख्खा खटला लढवतो.

मानसशास्त्रात या उलटसुलटपणाचं एक टोक नोंदलेलं आहे. जोझेफ कापग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञानं १९२३ साली आपल्या सहकाऱ्यासह एका बाईची हकिगत प्रसिद्ध केली. तिची खात्री होती की तिच्या जवळच्या माणसांच्या जागी हुबेहूब त्यांच्यासारखे दिसणारे तोतये आले आहेत. पुढे या विकाराला कापग्राचंच नाव पडलं. त्याचं एक स्पष्टीकरण असं देतात की, चेहरा ओळखणारं यंत्र चालू राहतं, पण ओळखीचा चेहरा पाहिल्यावर जी ऊब वाटायला हवी ती वाटत नाही. मग मन त्या रिकाम्या जागेचा अर्थ लावतं आणि म्हणतं, हा तो नव्हे. आमच्या नायकाला हा आजार आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या हाती तर चिता पेटवल्याचा पुरावा आहे. पण प्रेक्षक म्हणून आपण ज्या जागी घुसमटतो ती जागा हीच: ओळख पटते आणि ऊब येत नाही.

मराठी माणसाला हा पेच नवा नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ गेले हे पुण्यानं मानलं, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मानलं नाही. त्या स्वतः पानिपतावर होत्या, तिथून परत आल्या आणि वैधव्याची खूण त्यांनी अंगावर चढवली नाही. मग भाऊसाहेब म्हणवणारा एकजण उभा राहिला. तो बुंदेलखंडाकडचा कनोजा ब्राह्मण होता असं इतिहास सांगतो. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. पण १७७६ साली तो रत्नागिरीकडून सुटला, कोकणात त्यानं ठाणी घेतली, माणसं जमवली आणि पेशवाईला घाम फोडला. अखेर पकडून त्याला पुण्यात देहदंड दिला. या प्रकरणात नाना फडणिसांचं राजकारण होतं, रघुनाथरावाची सावली होती, न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटकही लिहिलं. मला यात खिळवून ठेवतो तो भाग दरबाराबाहेरचा आहे. लोक त्याच्यामागे का गेले? लाखाच्या घरातली माणसं पानिपतात गेली होती. भाऊ परत येऊ शकतो, तर माझा भाऊ, माझा मुलगा का नाही? त्या माणसाचा चेहरा भाऊसारखा असण्यापेक्षा लोकांना तो भाऊ असायला हवा होता. ‘पाठलाग’मधल्या नवऱ्याची गरज याच्या अगदी विरुद्ध टोकाची. पुण्याच्या लोकांना परतलेला माणूस खरा हवा होता. याला परतलेली बायको खोटी हवी आहे.

दुसरा खटला बंगालचा, आणि तो आमच्या कायद्याच्या वर्गांत अजून सांगितला जातो. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीचा दुसरा कुमार रमेंद्र नारायण रॉय १९०९ साली दार्जिलिंगला वारला, दहन झालं, सगळं झालं. बारा वर्षांनी ढाक्यात एक संन्यासी आला आणि तोच कुमार आहे असं ठरू लागलं. बहीण म्हणाली, हाच. पत्नी बिभावती देवी म्हणाली, हा नव्हे, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. १९३० साली दावा दाखल झाला. दीड हजारांच्या आसपास साक्षीदार तपासले गेले. अंगावरचे तीळ, व्रण, पायाची ठेवण, चालण्याची लकब, बोलीतले उच्चार सगळं सगळं कोर्टात उलगडलं. १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी संन्याशाच्या बाजूनं निकाल दिला, उच्च न्यायालयानं तो उचलून धरला आणि १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनंही. त्यानंतर काही दिवसांतच तो माणूस वारला. कायद्यानं त्याला नवरा ठरवलं. बायकोनं नाही. न्यायालय एवढंच करू शकतं: माणसाला त्याची जमीन परत देऊ शकतं.

या दोन प्रकरणांत परतणारा पुरुष आहे आणि ओळखायचं काम बाईकडे आहे. देवकुळे यांच्या गोष्टीनं पारडं फिरवलं. परत आलेली बाई, ओळख पटवून घेणारा पुरुष, आणि पुरुषाच्या हातात वकिलाचा झगा. बाईला परत घ्यायचं की नाही हे आपल्याकडे ज्या कसोट्यांवर ठरत आलंय, त्यांची यादी करायची गरज नाही. कोर्टात ती ‘मी कोण’ हे सिद्ध करायला उभी राहते, पण बऱ्याच प्रश्नांच्या तळाशी ‘तू कुठे होतीस’ हा प्रश्न दबा धरून असतो. १९६४ च्या प्रेक्षकाला तो ऐकू येत असणार. आजच्याला ऐकू येत नसेल तर त्यानं आवाज थोडा वाढवावा.

परदेशी घराण्यातही या गोष्टीचे नातेवाईक आहेत. कोणी कोणाचं उचललं हा शोध मी घेतलेला नाही, घेणारही नाही. पण दोन नावं घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ १८५९-६० मध्ये क्रमशः छापून आली. तिथं सारख्या दिसणाऱ्या दोघींपैकी एक दुसरीच्या नावानं पुरली जाते आणि जिवंत असलेली वेड्यांच्या इस्पितळात परक्या नावानं डांबली जाते. कॉलिन्स वकिलीची सनद घेतलेला होता, धंदा त्यानं केला नाही. पण कादंबरी त्यानं अशी रचली की एकेक पात्र साक्षीदारासारखं आपल्या वाट्याची हकिगत सांगून खाली उतरतं. आणि त्या बाईची ओळख परत मिळते ती कशानं? प्रेमानं नाही, चेहऱ्यानंही नाही. तारखेच्या गोंधळानं. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख आणि तिच्या प्रवासाची तारीख जुळत नाही, एवढ्यानं. वकिलाच्या डोक्यातूनच निघू शकेल असा शेवट!

दुसरं नाव ‘व्हर्टिगो’. ब्वालो आणि नार्सजाक या फ्रेंच जोडीची कादंबरी १९५४ ची, हिचकॉकचा चित्रपट १९५८ चा. मेलेली प्रेयसी दुसऱ्या बाईच्या रूपानं पुन्हा भेटते. कादंबरीतला नायक पोलिसाची नोकरी सोडून वकील झालेला आहे, हे मला उगाचच आवडतं. कादंबरीनं रहस्य शेवटपर्यंत झाकून ठेवलं. हिचकॉकनं चित्रपट बराच शिल्लक असताना ते प्रेक्षकाला सांगून टाकलं; नायकाला मात्र सांगितलं नाही. त्यामुळे पुढचा सगळा वेळ आपण ‘ती कोण’ हे शोधत बसत नाही. हा माणूस तिला मेलेलीसारखी बनवण्यासाठी काय काय करतोय ते आपण अंगावर काटा येत पाहतो.

राजा परांजपे आणि राज खोसला या दोघांनीही हा धोका पत्करला नाही. रहस्य शेवटाला ठेवलं. गंमत अशी की कादंबरीच्या कव्हरवरच ‘आशा परत येते’ असं छापलेलं होतं. वाचकाला नावातच कबुली मिळते आणि मग प्रश्न उरतो तो तिला दार कोण उघडणार एवढाच. सिनेमानं नाव बदललं तेव्हा ही कबुली मागे घेतली. धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं होतं. मला मात्र अजून वाटतं, मराठीत कोणीतरी ही गोष्ट बहिणीचं रहस्य पहिल्याच प्रसंगात सांगून टाकून पुन्हा करावी.

परांजपे यांच्याबद्दल थोडं. लोकांना ते आठवतात ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’साठी. पण १९५२ च्या ‘पेडगावचे शहाणे’तच त्यांनी वेडा कोण आणि शहाणा कोण हा प्रश्न हसत हसत विचारून ठेवला होता. ‘हा माझा मार्ग एकला’नंतर ‘पाठलाग’नंही मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. या गृहस्थाला घर चांगलं कळायचं. कृष्णधवल चित्रणात मध्यमवर्गीय घरातल्या वस्तू, दारं, जिने यांना जे वजन येतं ते रंगीत चित्रपटात येत नाही, आणि ज्या घरातून एक माणूस गेलंय त्या घरात वस्तूच बोलतात.

‘पाठलाग’मधला नवरा झालेले काशिनाथ घाणेकर मुळातले दातांचे डॉक्टर आणि त्याहून मुळातले रंगभूमीचे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी त्यांनी आधीच गाजवला होता, ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या पुढे यायचा होता. त्यांचा अभिनय मोठ्या आवाजाचा, मोठ्या डोळ्यांचा. सिनेमात तो कधीकधी चौकटीबाहेर सांडतो. पण इथं ते सांडणं कामाला येतं, कारण कोर्टात उभा असलेला वकील नाटकच करत असतो. ज्याला स्वतःच्या भूमिकेची खात्री उरलेली नाही तो आवाज जास्त चढवतो, हे मी काही थोड्यांच्या बाबतीत पाहिलेलं नाही. घाणेकरांचं शेवटचं येणंही आमच्याच बाजूला झालं: २ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीत ते गेले. विदर्भातले जुने नाट्यवेडे ती तारीख अजून घरच्या तिथीसारखी सांगतात. बायको झालेल्या भावना यांच्या वाट्याला ‘पाठलाग’मध्ये त्या मानानं अवघड काम आलं. नवऱ्याला एकाच पातळीवर घुमायचं आहे. तिला ओळखीची आणि अनोळखी एकाच वेळी वाटायचं आहे. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं याची खंत इथं नोंदवतो आणि पुढे जातो.

गाण्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशा भोसले यांचा आवाज. नवऱ्याभोवती बायकोचे डोळे कायम फिरत राहतील, असं वचन देणारं ते गाणं. प्रेमाचं गाणं म्हणून ऐका, गोड आहे. चिता विझल्यावर तेच ऐका, मग ते पाळतीसारखं वाटायला लागतं. हिंदीत मदन मोहन आणि लता मंगेशकर यांनी त्याच जागी सावलीचं गाणं ठेवलं आणि ते मूळ गाण्यापेक्षा प्रसिद्ध झालं. श्रेष्ठ कोणतं यावर आमच्या गटात दोन तट आहेत; मी डावजेकरांच्या बाजूचा.

‘मेरा साया’ची पटकथा ग. रा. कामतांची, म्हणजे मराठी गोष्ट हिंदीत नेणारा हातही मराठीच. पण नेताना घर बदललं. मध्यमवर्गीय वकिलाचा झाला ठाकूर, त्याच्या घराचा झाला उदयपूरच्या तळ्यातला महाल, आणि सगळ्याला रंग चढला. साधनानं दुहेरी भूमिका ताकदीनं केली. ‘वह कौन थी?’ १९६४ चा, ‘मेरा साया’ १९६६ चा, ‘अनिता’ १९६७ चा. खोसलांनी तिला पुन्हा पुन्हा असल्या धुक्यात उभं केलं. त्याच १९६४ साली ‘रिबेका’वरून ‘कोहरा’ही आला होता. मेलेल्या बायका परत येण्याचा तो हंगामच होता म्हणायचा. ‘मेरा साया’ देखणा आहे, पण महालात माणूस हरवला तर नवल काय? तिथं खोल्याच इतक्या. दोन खोल्यांच्या, स्वयंपाकघरातून ओटीवरचं सगळं ऐकू येणाऱ्या घरात नवऱ्याला बायको ओळखू येत नाही, यात जास्त भीती आहे. तो भाग उदयपूरला पोचताना गळाला.

‘मेरा साया’त कोर्टातल्या ताणानं ती स्त्री खचते आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. हे नाटकी वाटेल, पण त्या वेळी १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा लागू होता आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं माणसाला आत पाठवता येत असे. आत गेलेल्याला ‘मी अमुक’ असं म्हणायची सोय फारशी नव्हती. म्हणणं हेच लक्षण धरलं जायचं. नागपूरचं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं. त्याचा विषय निघाला की जुने वकील आवाज खाली करतात, कारण मालमत्तेच्या वादात बायकांना ‘डोकं फिरलंय’ म्हणून बाजूला करणं हे काही फक्त कॉलिन्सच्या इंग्लंडात घडत नव्हतं. १९८७ चा कायदा आला, नंतर २०१७ चा आला, त्यात रुग्णाच्या इच्छेला जागा मिळाली. कथेतल्या बाईला मात्र पळूनच जावं लागलं.

आता देवकुळे यांच्याविषयी, आणि त्यांच्या निमित्तानं थोडं भांडण. मराठी समीक्षेनं रहस्यकथेला ओसरीवरच बसवलं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांचा झुंजार आणि काळापहाड घराघरांत शिरले. समीक्षकांच्या घरात ते गादीखाली असायचे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, सुहास शिरवळकर यांना वाचकांनी डोक्यावर घेतलं, पण वाङ्मयेतिहासात त्यांची पानं मोजकीच. शिरवळकर २००३ साली गेले आणि त्यांच्या ‘समांतर’वरची वेब मालिका २०२० मध्ये आल्यावर तरुणांना ते नव्यानं सापडले. देवकुळे यांना तेवढंही मिळालेलं नाही. त्यांची गोष्ट तीन भाषांत पडद्यावर गेली आणि लेखकाचं नाव श्रेयनामावलीत कुठेतरी राहिलं. आमच्या भागातल्या खासगी वाचनालयांत अशा कादंबऱ्या जाड खाकी बांधणीत असायच्या, कोपरे वळलेल्या. हजार हातांतून गेलेल्या. ज्या पुस्तकाला अशी बांधणी करावी लागते, त्याला दर्जा नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’वरून अमोल पालेकरांनी ‘अनकही’ केला तेव्हा त्यावर लेख पडले, कारण खानोलकर हे ‘साहित्य’. माणसाच्या मनातली भीती दोन्हीकडे एकाच मापाची आहे, हे म्हणायला कोणी धजावलं नाही.

पुस्तिकेत पुढे सहा टिपणं आहेत. दोघा सभासदांनी गाण्यांवर लिहिलंय, एका डॉक्टरबाईंनी दुःखातल्या भासांवर, आणि एका निवृत्त न्यायाधीशांनी ओळख पटवण्याच्या पुराव्यावर. त्यांनी माझ्या पहिल्या हरकतीशी असहमती नोंदवली आहे; वाचून घ्या, मजेदार आहे. बैठकीला येण्याआधी शक्य असेल तर ‘पाठलाग’ आधी पाहावा आणि ‘मेरा साया’ नंतर. उलट क्रमानं पाहिलं तर रंग डोळ्यांतून जात नाहीत. कोर्टाचा प्रसंग चालू असताना पिंजऱ्याकडे बघायचा मोह आवरून एकदा तरी फक्त नवऱ्याचे हात बघा, ते टेबलावर कुठे आहेत, कधी मुठी होतात. आणि कलम १२२ वर ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी लेखी आणावं. तोंडी युक्तिवाद सुरू झाला की आमच्या गल्लीत जेवायची वेळ टळते.